नफा येतो कोठून? शेअर बाजाराच्या भीतीविषयी एका शिक्षिकेस उत्तर

प्रश्न: मी तासगाव तालुक्यात शिक्षिका आहे. वय ३८. पती खासगी कारखान्यात नोकरीस आहेत. आमची बारा लाखांच्या आसपासची बचत मुदत ठेवी, पोस्टाच्या योजना, विमा आणि थोडे सोने यांत आहे. १९९२ साली माझ्या थोरल्या काकांनी पतसंस्थेचे कर्ज काढून शेअर घेतले आणि ते कर्ज फेडण्यासाठी त्यांना जमीन विकावी लागली. तेव्हापासून आमच्या घरात शेअर बाजाराला जुगारच म्हणतात. काका आता हयात नाहीत. त्यांची काही शेअर प्रमाणपत्रे अजून ट्रंकेत पडून आहेत. दरमहा दोन-तीन हजार रुपये गुंतवावेत असे मला वाटते, पण अर्ज भरायला घेतला की हात आखडतो. ही भीती कशी जाईल?

उत्तर:

आपल्या घरातले मत मी अडाणीपणाचे मानत नाही, हे आधीच सांगतो. गेली सव्वीस वर्षे मी लोकांच्या बचतीचे नियोजन करून देतो. बाजाराला जुगार म्हणणारी जी माणसे या काळात माझ्यासमोर बसली, त्यांतल्या बहुतेकांनी घरात किंवा शेजारी कोणाचे तरी वाटोळे होताना पाहिले होते. ज्याने जमीन विकली गेलेली पाहिली आहे त्याच्यापुढे आलेख आणि टक्केवारी मांडून उपयोग होत नाही. शिवाय ‘शेअर बाजारात जुगार नाहीच’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझाच विश्वास बसत नाही, कारण तिथे जुगार चालतो, रोज चालतो, आणि ज्या ॲपवरून एखादी गृहिणी दरमहा हजार रुपये गुंतवते त्याच ॲपवरून तो चालतो. आपल्याला शिकायचे आहे ते एका छपराखाली चालणारे हे दोन व्यवहार वेगळे ओळखायला. त्यासाठी मी एकच प्रश्न वापरतो: मला मिळणारा नफा येणार कोठून?

मटक्याचे पाहू. मुंबईतला हा आकड्यांचा खेळ आरंभी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर लावला जात असे. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत सुरू झाली. नाव पडले ते त्यावरून. ज्या दिवसांत कापसाचे भाव येत होते त्या दिवसांतही आकडा लावणाऱ्याचा कापसाशी काडीचा संबंध नव्हता, म्हणूनच कापूस जाऊन चिठ्ठ्या आल्या तरी खेळात काहीच बिघडले नाही. शून्य ते नऊ यांतला एक आकडा लावायचा आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये घ्यायचे, असा साधा हिशेब धरला, तर दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याचे दहा जातात आणि नऊ परत येतात. मधला रुपया धंदा चालवणाऱ्याचा. इथे नवे काहीच पिकत नाही, आणि माणूस जितका जास्त वेळ खेळेल तितके त्याचे हरणे पक्के होत जाते.

आता आपल्याच तालुक्यातले उदाहरण घेऊ. समजा, दहा हजार भाग, म्हणजेच शेअर, काढून, प्रत्येकी एक हजार रुपये जमवून, म्हणजे एक कोटी रुपयांत बेदाण्याचे एक शीतगृह उभे राहिले. शेतकरी आणि व्यापारी तिथे माल ठेवतात आणि भाडे देतात. वीज, पगार, दुरुस्ती, व्याज आणि कर जाऊन वर्षाला बारा लाख उरले, म्हणजे एका भागामागे १२० रुपये. त्यांतले पन्नास रुपये भागधारकाला लाभांश म्हणून मिळाले आणि उरलेल्या सत्तर रुपयांतून शीतगृहाची नवी खोली बांधली गेली, म्हणजे पुढच्या वर्षी भाडे वाढण्याची सोय झाली. हे १२० रुपये कोणाचा आकडा चुकला म्हणून आलेले नाहीत. बेदाणा टिकवून देण्याच्या कामाचा तो मोबदला आहे. भाडे देणाऱ्याचे नुकसान झालेले नाही आणि मागच्या वर्षीच्या भागधारकाचेही झालेले नाही.

अशा भागांची देवघेव करायला गावात एक कट्टा आहे असे समजा. अमुक जण आज १,४०० रुपये देऊ करतो. उद्या अवकाळी पावसाची बातमी येते आणि तोच माणूस ७०० च्या वर जायला तयार नसतो. शीतगृह जागेवर आहे, यंत्रे चालू आहेत, भाडे येते आहे. बदलला आहे तो कट्ट्यावरचा सूर. रोज संध्याकाळी टीव्हीवर हिरवे-लाल आकडे दिसतात ते या कट्ट्याचे असतात आणि ज्याने फक्त कट्टा पाहिला आहे त्याला तो जुगाराचा अड्डा वाटला तर नवल नाही. मात्र त्याच कट्ट्यावर उत्साहाच्या भरात कोणी तो भाग ४,००० रुपयांना घेतला, तर त्याच्या पैशांवर कमाई पडते वर्षाला तीन टक्के. शीतगृह चांगले असूनही त्याचा व्यवहार वाईट ठरतो. बाजारात चांगल्या कंपन्या घेऊनही माणसे बुडतात, त्याचे हे एक सरळ कारण आहे.

धोका इथेही आहेच. यंत्र बंद पडेल, द्राक्षाचे पीक जाईल, व्यवस्थापक पैसे खाईल. परंतु धोका असणे आणि जुगार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक द्राक्षबागायतदारांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला मी समजावून सांगावा असे नाही. छाटणी झाली, घड धरले आणि ऐन वेळी पाऊस आला तर वर्ष हातचे जाते. शेती म्हणजे पावसावरचा जुगार, असे आपण त्राग्याने म्हणतोही. तरी बाग लावणाऱ्याला कोणी जुगारी म्हणून मुलगी द्यायचे टाळत नाही (अलीकडे टाळतात, पण त्याची कारणे निराळी), कारण वेलीतून काहीतरी पिकते हे सर्वांना दिसते. शेअरमागची वेल दिसत नाही, एवढीच त्यातली अडचण आहे.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेच्या करारावर न्यायालयात दावा चालत नाही. उलट भागधारकाला लाभांशाचा, मतदानाचा आणि कंपनीचा वार्षिक अहवाल मिळण्याचा हक्क आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने तर शेअर प्रत्यक्ष ताब्यात न घेता त्याच दिवशी घेऊन विकण्याच्या व्यवहाराला ‘सट्ट्याचा व्यवहार’ असेच गणले. मान्यताप्राप्त बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आज केलेल्या सौद्यांचे, व्यवहार कायद्याने त्या व्याख्येतून वगळले, पण ती सोय कराच्या हिशेबापुरती आहे. सुरक्षिततेचे प्रशस्तिपत्र म्हणून तिच्याकडे पाहू नये.

आता काकांच्या १९९२ कडे येतो, कारण आपली भीती मुळात तिथली आहे. त्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक, ४,४०० च्या वर गेला होता. हर्षद मेहता प्रकरणात बँकांचा पैसा बाजारात ओतला गेला आणि त्या जोरावर भाव फुगवले गेले. एसीसी या सिमेंट कंपनीचा दोनशे रुपयांच्या आसपासचा शेअर त्या काळात नऊ हजारांपलीकडे गेला. सिमेंटच्या भट्ट्या मात्र होत्या तेवढ्याच होत्या. मुंबईने हा खेळ त्याआधीही पाहिला होता: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा १८६४-६५ मध्ये बॅकबे भरणी करणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला होता आणि जी जमीन विकून नफा व्हायचा होता ती अजून समुद्राखालीच होती. युद्ध संपले, कापूस पडला आणि १८६५ च्या उन्हाळ्यानंतर त्या कंपनीबरोबर बँकाही कोसळल्या.

काकांचे नेमके व्यवहार मला माहीत नाहीत. परंतु त्या वर्षी कर्ज काढून बाजारात उतरलेल्या अनेकांचे कागद मी नंतर पाहिले आहेत आणि त्यांची गोष्ट बहुधा एकसारखी असते. भाव चढल्याची बातमी गावापर्यंत पोचली तेव्हा चढण संपत आली होती. एक-दोनच कंपन्यांत सगळी रक्कम होती. पैसा आपला नव्हता, त्यामुळे भाव पडल्यावर बसून राहण्याची मुभाही नव्हती; पतसंस्थेचा हप्ता बाजाराच्या सोयीने येत नाही. रोख शेअर पूर्ण पैसे देऊन घेणाऱ्याचे नुकसान जास्तीत जास्त त्याने घातलेल्या रकमेइतके होते, त्यापलीकडे कंपनीचे देणे त्याच्या अंगावर येत नाही. घराबाहेरची जमीन विकायला लावली ती कर्जाने. हे काकांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या काळी व्यवस्थाही कच्ची होती: सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेला कायद्याने अधिकार मिळाले तेच १९९२ मध्ये, ‘बदला’ पद्धतीने थोडे पैसे भरून मोठा सौदा पुढे ढकलत नेता येई, आणि कागदी प्रमाणपत्रे हरवत, बनावट निघत, सही जुळत नाही म्हणून परत येत. बदला २००१ मध्ये बंद झाला, डीमॅटची, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात ठेवण्याची, सोय १९९६ पासून आली आणि आज सौद्यानंतरच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी शेअर आपल्या खात्यात जमा होतात. यामुळे शेअर हातात पडण्यातली फसवणूक पुष्कळ कमी झाली. भाव पडण्याचा धोका मात्र कोणत्याही नियामकाला काढून टाकता येत नाही.

१९९२ च्या शिखरावर कर्ज न काढता, स्वतःच्या पैशाने, एका कंपनीत न घालता सेन्सेक्समधल्या सर्व कंपन्यांत कोणी पैसे घातले असते तर? याचे उत्तर विक्री करणारे सहसा देत नाहीत. अकरा वर्षांनी, २००३ च्या एप्रिलमध्ये, सेन्सेक्स तीन हजारांच्या खाली होता. मधल्या काळात थोडाबहुत लाभांश मिळाला असता एवढेच. त्यानंतरच्या पाच वर्षांत तो २१,००० वर गेला, हे खरे, पण ती अकरा वर्षे ज्याने काढली त्याला ‘दीर्घकाळ’ या शब्दाचा अर्थ विचारावा. जपानचे उदाहरण याहून कडक आहे: तिथला निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या पातळीवर होता, ती त्याने २०२४ च्या फेब्रुवारीत ओलांडली. चौतीस वर्षे. म्हणून पाच वर्षांत पैसे दुप्पट होतील असे मी कोणालाही सांगत नाही आणि सर्व रक्कम एका दिवशी बाजारात घालण्याचा सल्लाही देत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच सरळपणे मांडली पाहिजे. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून सेन्सेक्सची सुरुवात १०० पासून मोजली जाते. २०२४ मध्ये तो ८०,००० च्या पलीकडे गेला. लाभांश न धरता ही वाढ वर्षाला चक्रवाढीने सुमारे सोळा टक्के पडते आणि या काळात दोन मोठे घोटाळे, जागतिक आर्थिक संकट आणि महासाथ येऊन गेली. पुढची पंचेचाळीस वर्षे अशीच जातील याची हमी नाही. अर्थव्यवस्था मोठी होत गेली की वाढीचा वेग मंदावतो, हेही दिसते. तरी ज्या खेळात सगळे मिळून हरतात त्या खेळाचा आलेख असा निघत नाही.

या आकड्यामागची एक खुबी फारशी सांगितली जात नाही. निर्देशांकातून मेलेल्या कंपन्या गळत जातात आणि वाढणाऱ्या आत येतात. १९८६ मध्ये सेन्सेक्स प्रसिद्ध होऊ लागला तेव्हा हिंदुस्तान मोटर्स आणि प्रीमियर ऑटोमोबाईल्स त्यात होत्या. देशात त्याआधी अनेक वर्षे मोटार म्हणजे यांची अँबॅसिडर नाही तर पद्मिनी, असे होते. आज त्या कंपन्यांचे स्थान काय आहे ते आपण जाणता. निर्देशांकाने त्या बाहेर काढल्या. ज्याने फक्त त्यांचेच शेअर धरून ठेवले त्याच्यासाठी तसे करणारे कोणी नव्हते. सत्यम या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी २००९ च्या जानेवारीत हिशेब खोटे असल्याची कबुली दिली त्या एका दिवसात शेअरने बहुतेक किंमत गमावली. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीच्या भागधारकांच्या हाती २०२१ मध्ये शून्य आले. ‘अमुक कंपनीत १९९३ साली दहा हजार घातले असते तर आज कोटी झाले असते’ असे संदेश आपल्यालाही येत असतील. त्यांत बुडालेल्या कंपन्यांची नावे नसतात. मी स्वतः २००० साली, या व्यवसायात नवखा असताना, एका संगणक कंपनीचा शेअर निव्वळ वर चाललाय म्हणून घेतला आणि चार महिन्यांचा पगार घालवला. कंपनी नेमके काय विकते हे मला त्या दिवशी विचारले असते तर सांगता आले नसते. तो माझा जुगारच होता, शेअर खरा असूनही.

यावरून आपल्यासारख्या माणसाने एकेका कंपनीच्या मागे न लागता निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडापासून सुरुवात करावी असे माझे मत बनले आहे. निफ्टी ५० सारख्या निर्देशांकातल्या पन्नास कंपन्यांत ठरलेल्या प्रमाणात पैसे घालणे एवढेच असा फंड करतो. तिथे कोणाची हुशारी विकत घ्यायची नसते, त्यामुळे खर्चही कमी असतो.

सट्ट्याचे स्वरूप कसे असते याचे आकडे खुद्द सेबीने काढले आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. दिवसभरात घेऊन विकणाऱ्यांपैकीही २०२२-२३ मध्ये दहांतले सात तोट्यात होते. मघाचा प्रश्न इथे लावून पाहा. ऑप्शनमध्ये एकाचा फायदा तो समोरच्याचा तोटा, आणि दोघांकडून दलाली, कर व शुल्क वेगळे. म्हणजे मटक्यातला तो मधला रुपया इथेही आहे. समोर बसलेला बहुधा मोठी यंत्रणा असलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांना हे आकडे दाखवले की प्रत्येकाला आपण उरलेल्या सात टक्क्यांत आहोत असे वाटते. आपल्याला व्यावहारिक सूचना एवढीच करतो की ट्रेडिंग खाते उघडाल तेव्हा हा विभाग सुरू करूच नका. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा देऊन वेगळी संमती द्यावी लागते, ती देऊ नका. म्युच्युअल फंडासाठी तर ट्रेडिंग खात्याचीही गरज नसते.

घरात बोलणे काढायचे असेल तर एक गोष्ट पुढे ठेवा. आपल्या पतींचा भविष्य निर्वाह निधी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जमा होत असेल, तर ही संघटना ऑगस्ट २०१५ पासून नव्या ठेवींचा काही हिस्सा निर्देशांकाच्या फंडांतून शेअर बाजारात घालते. आरंभी तो पाच टक्के होता, पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत नेला गेला. आयुर्विमा महामंडळ तर देशातल्या सर्वांत मोठ्या भागधारकांपैकी एक आहे. आपण स्वतः राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असाल, तर तिथेही काही भाग शेअरमध्ये असतो. म्हणजे ज्या घरात शेअर बाजाराचे नाव काढत नाहीत त्या घराचा पैसा आधीच तिथे पोचलेला आहे. मी हे सांगितल्यावर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला ‘मग विम्याची पॉलिसीही मोडू का?’ असे विचारले होते, त्यामुळे सावधगिरीने सांगतो: हेतू घाबरवण्याचा नाही. मोठ्या संस्था बचतीचा एक मर्यादित हिस्सा तिथे ठेवतात आणि बाकीचा रोख्यांत, हे प्रमाण आपण पाहावे.

मुदत ठेव वाईट नाही. मात्र तिलाही जोखीम नाही असे समजणे चूक आहे. बँक बुडाल्यास ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे. ते २०२० मध्ये एक लाखावरून वाढवले गेले. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. दुसरी जोखीम गुपचूप चालते. सात टक्के व्याजातून वीस टक्के कर गेला की ५.६ उरतात, आणि महागाई साडेपाच-सहाची असेल तर पासबुकावरचा आकडा वाढतो पण त्यातून येणारा किराणा वाढत नाही.

‘बिनकष्टाचा पैसा नको’ हा आक्षेप आपण लिहिलेला नाही, पण आपल्याकडच्या घरांत तो बोलला न जाता असतोच. खंडाने दिलेल्या जमिनीचा खंड घेताना किंवा वरच्या मजल्याचे भाडे घेताना आपल्याला संकोच वाटत नाही, कारण जमीन आणि घर कष्टाच्या पैशातून आले हे ठाऊक असते. लाभांशाचेही तसेच आहे. फरक इतकाच की कंपनीत कामगार, सरकार, कर्ज देणारी बँक या सर्वांचे देऊन झाल्यावर उरले तर भागधारकाला मिळते. सर्वांत शेवटी पान वाढले जाणाऱ्याला कधी चार घास जास्त मिळतात आणि कधी उपाशी उठावे लागते.

आता हात आखडण्याविषयी. ही भीती पटवून घेऊन जात नाही, सवयीने जाते, असा माझा अनुभव आहे. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुकी भोपळी बांधावी लागते, तसेच. भोपळीच्या जागी इथे तीन गोष्टी हव्यात: सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला, कुटुंबाचा आरोग्य विमा, आणि कमावत्या दोघांचा मुदतीचा आयुर्विमा. घरावर महागडे कर्ज, म्हणजे वैयक्तिक किंवा क्रेडिट कार्डाचे, असेल तर ते आधी फेडावे. हे झाल्याशिवाय फंडाचा अर्ज भरू नका. तोवर आपला हात आखडतो आहे तो बरोबरच आखडतो आहे.

त्यानंतर भीतीला आकडा द्या. आपली बचत बारा लाख आहे. यांतले दहा टक्के, एक लाख वीस हजार, हळूहळू निर्देशांक फंडात गेले असे समजा आणि २००८ सारखी पडझड आली. त्या वर्षी जानेवारीत २१,००० वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या खाली उतरला होता, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक घट. आपले एक लाख वीस हजार अठ्ठेचाळीस हजारांवर आले, बहात्तर हजार कागदावर गेले. रक्कम लहान नाही, पण संपूर्ण बचतीच्या ती सहा टक्के आहे. जमीन विकावी लागत नाही, मुलांची फी थांबत नाही. हा आकडा पतीसमोर लिहून काढा आणि दोघांनी मिळून ठरवा की इतके गेलेले पाहून आपण काहीही न करता बसू शकतो का. बसू शकत नसाल तर दहाऐवजी पाच टक्के ठेवा. त्या वेळी न विकणाऱ्यांना तीच पातळी २०१० च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिसली, हे सांगतो, पण दर वेळी दोन वर्षांतच दिसेल असे धरून चालू नये.

मासिक रक्कम आरंभी एक हजारच ठेवावी, असे माझे मत आहे. दोन-तीन हजार परवडतात म्हणून ते पहिल्या महिन्यापासून घालायलाच हवेत असे नाही. पहिली दोन वर्षे परताव्यासाठी नाहीतच, आपला स्वभाव पाहण्यासाठी आहेत. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंशांनी, सुमारे तेरा टक्क्यांनी पडला आणि २६,००० च्या खाली बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडचे एक सद्गृहस्थ, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, सर्व काही विकून मोकळे झाले. मी पाऊण तास फोनवर होतो, उपयोग झाला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस निर्देशांक ४७,००० पलीकडे होता. शिक्षण किंवा वय यांचा इथे उपयोग होत नाही. त्याच काळात घरकाम करणाऱ्या एक बाई, ज्यांची दरमहा पाचशेची गुंतवणूक चालू होती, मला म्हणाल्या की भाव पडलेत तर जास्त येईल ना. भाजीत हेच तर बघतो आपण. पाचशे रुपये ही त्यांना झेपणारी रक्कम होती, म्हणून त्यांना हे सुचले. बँक अधिकाऱ्यांची निवृत्तीची जवळजवळ सगळी पुंजी तिथे होती आणि तसे करू नका हे त्यांना पुरेशा कडक शब्दांत न सांगण्याची चूक माझी होती.

फंडाचा भाव रोज पाहू नका. सहा महिन्यांतून एकदा पुरे. आपल्या गुंतवणुकीचे एकत्रित विवरण येते ते मात्र उघडून आपले नाव, नामनिर्देशन आणि युनिटांची (फंडातल्या आपल्या भागांची) संख्या बरोबर आहे ना ते तपासा. मुलीच्या लग्नाचे किंवा घराच्या हप्त्याचे पैसे, म्हणजे पुढच्या पाच-सात वर्षांत नक्की लागणारे, तिथे घालू नका. ‘हमखास परतावा’ हा शब्द ज्या व्हॉट्सॲप गटात दिसेल त्या गटातून बाहेर पडा. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला असे आश्वासन देताच येत नाही, आणि नोंदणी आहे की नाही ते सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते.

राहिली ट्रंकेतली प्रमाणपत्रे. ती रद्दी समजून टाकू नका. कंपनीचे नाव, फोलिओ क्रमांक आणि शेअरची संख्या कागदावर उतरवून घ्या आणि ती कंपनी आज त्याच नावाने आहे, दुसरीत विलीन झाली आहे की बंद पडली आहे, ते मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर शोधा. सात वर्षे सलग लाभांश घेतला गेला नसेल तर तो आणि ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झालेले असू शकतात. तिथून ते परत मागता येतात, त्यासाठी ‘आयईपीएफ-५’ हा अर्ज असतो आणि कंपनीकडून किंवा तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून आधी पत्र घ्यावे लागते. हक्क काकांच्या वारसांचा आहे, त्यामुळे मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे चुलत भावंडांनी काढावीत. रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचा वारसा दाखला मागितला जातो. काम सहा-आठ महिने खाते आणि पाठपुरावा लागतो. पैसे देऊन ते करून देणारे मध्यस्थ गाठतील, त्यांना मूळ प्रमाणपत्रे देऊ नका, छायाप्रती द्या. १९९२ मधल्या कोणत्या कंपन्या आहेत ते कळवलेत तर त्यांचे पुढे काय झाले ते पाहून सांगतो.